ठिपक्याचा त्रिकोण

पाकीटबंद खाद्यपदार्थांवर शाकाहारासाठी हिरवा ठिपका आणि मांसाहारासाठी तपकिरी ठिपका छापायचा, असा नियम होता. अंडं घातलेला पदार्थ मांसाहारात मोडतो. पुढे नियम बदलला. रंगांधळ्या माणसाला हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून तपकिरी ठिपक्याच्या जागी त्रिकोण आला. ती बातमी मीच केली होती. चार ओळींची, आतल्या पानावर.

आमचे अण्णा रंगांधळे आहेत. मंद्रूपच्या घरी ओल्या मिरच्यांतून लाल झालेल्या वेचायला त्यांना कधी कोणी बसवलं नाही. आई दवाखान्यात होती तेव्हा त्यांनी मटण आणि अंडं सोडलं. आई वाचली नाही. नेम त्यांनी चालू ठेवला.

नंतर ते सोलापुरात थोरल्या भावाकडे राहायला गेले. दात उरले नव्हते. वहिनी चहाबरोबर पाकिटातला मऊ केक द्यायची. त्यांना तो आवडे. मी पुण्यात नोकरीला. सणावारीच जाणं व्हायचं.

एकदा गेलो तर अण्णा केकचं पाकीट डोळ्यांजवळ धरून बसले होते.

"तू पेपरवाला. ह्यो त्रिकोण कशाचा?"

मी सांगितलं.

भाऊ लगेच म्हणाला, "कंपनी आत्ता अंडं घालाय लागली असंल, अण्णा. आमाला कुटं ठावं?"

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाले, "फळीवर जुनं पाकीट हाय. दोनी वाच."

दोन्हींवरचे घटक मी वाचले. ते सारखेच होते. अंडं दोन्हींत होतं. जुन्यावर तपकिरी ठिपका होता.

वहिनी म्हणाली, "चार घास सुखानं खात हुता, मामंजी. कशाला सांगून जीव खायचा तुमचा?"

"म्हंजे सगळ्यास्नी दिसत हुतं," अण्णा म्हणाले. "नातवंडांना बी. माजी कीव सरकारला आली बग. घरात कुणाला न्हाय आली."

"तसं न्हाय, अण्णा," भाऊ म्हणाला.

आता त्या घरात ताट पुढ्यात आलं की अण्णा आधी विचारतात, "ह्यात काय हाय?" भाकरी असली तरी विचारतात. वहिनी सांगते, ज्वारीचं पीठ, पाणी. ते ऐकून घेतात आणि जेवतात. तिचं त्यांना खरं वाटतं की नाही, हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही.