वरदाचा शाकाहार

वरदाची आणि माझी ओळख झाली ती लंडनच्या ईलिंगमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, गणपतीच्या जेवणाच्या रांगेत, आणि पहिल्या दहा मिनिटांत ती माझ्याशी खोटं बोलली. त्याला आता एकोणतीस वर्षं झाली. मी तिला विचारलं होतं, तुम्ही नॉनव्हेज खाता का? हा प्रश्न मी तेव्हा नव्यानं आलेल्या प्रत्येकीला विचारायची. का विचारायची ते मला पक्कं माहीत होतं, आणि जिला विचारायची तिलाही कळायचं. जात थेट विचारायची लाज वाटायची, म्हणून जेवणावरून अंदाज काढायचा. वरदानं हातातल्या वरणभाताकडे बघत सांगितलं, नाही, आम्ही शाकाहारी. मी खूश झाले आणि तिला माझ्या शेजारची खुर्ची दिली.

वरदा मूळची रेवसकडची, कोळ्याच्या घरातली. वडिलांची होडी होती आणि आई, गयाबाई, अलिबागच्या बाजारात मासळी विकायची. मुलीनं बर्फाच्या पाट्या उचलायच्या नाहीत, असा त्या बाईचा हट्ट. मुलगी बी.एस्सी. झाली, मुंबईत लॅबमध्ये लागली, रेल्वेच्या सिग्नलचं काम करणाऱ्या सुहासशी तिचं लग्न झालं आणि दोघं इकडे आली. इथे ती हॉस्पिटलमध्ये रक्त काढायच्या कामाला लागली. हात इतका हलका की केमोचे पेशंट रांगेत मागे सरकायचे, पण वरदाच्याच खुर्चीत बसायचे. मीही रक्त द्यायला तिच्याकडेच जायची. सुई टोचताना ती भाजीचे भाव विचारायची आणि उत्तर देईपर्यंत काम झालेलं असायचं.

तिच्या माहेरची हकीकत तिनं मला कधीच सांगितली नाही. थोडी सुहासच्या तोंडून निसटली, थोडी मीच काढून घेतली. त्या एका खोट्यापायी संसाराची भलतीच ओढाताण झाली. सुहास बिचारा ऑफिसच्या कँटीनमध्ये मासे खाऊन यायचा आणि घरात शिरायच्या आधी बडीशेप चघळायचा. अन्वी, त्यांची एकुलती एक मुलगी, आपण पिढ्यान्‌पिढ्या व्हेजिटेरियन आहोत असं शाळेत छाती पुढे काढून सांगायची.

आता जुलैत वरदा साठीची होणार. अन्वी सत्तावीस वर्षांची आहे, कार्डिफला नोकरी करते. मे महिन्यात तिचा मला फोन आला. तिनं आईच्या वाढदिवसासाठी एक कॅटमरान बघून ठेवली होती. पूल नावाच्या बंदरातून निघणारी, पांढरीशुभ्र, दोन सांगाड्यांची लक्झरी बोट. पाच तास समुद्रात, आणि दुपारी डेकवर खेकडे, लॉबस्टर, शिंपले, स्मोक्ड बांगडा असं जेवण. दोन जागा तिनं शनिवारी दुपारी बारापर्यंत धरून ठेवल्या होत्या. वडिलांना न्यायचं नव्हतं, कारण सुहासला टेम्सच्या फेरीतही मळमळतं.

मी म्हटलं, अगं, तुझी आई काय खाणार तिथे? तर अन्वी म्हणाली, "मावशी, दॅट्स द थिंग. कझिन समर बोलला, मम्मी लहान होती तेव्हा रोज फिश खायची. एक होल पापलेट, शी वॉज लाइक सिक्स. मग मम्मी मला का नाही सांगितली? तुम्ही विचारता का तिला? ती तुमचा ऐकते."

मी विचारते म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतरचे तीन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. वरदा मासे का खात नाही, हे अन्वी मला विचारत होती आणि ते मला ठाऊक होतं. निदान अर्धं तरी.

२००५च्या जानेवारीत गयाबाई लेकीकडे आल्या होत्या, तीन महिन्यांसाठी. त्याच महिन्यात वरदाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आम्ही अकराजणी जमलो. मी विचारलं, आई कुठेयत गं? वरदा म्हणाली, बरं नाहीये, पडल्यात. विधवा बाई हळदीकुंकवाला बाहेर आली नाही, याचं आमच्यातल्या एकीलाही नवल वाटलं नाही. ही आमची लंडनला येऊन सुधारलेली मंडळी. वाण होतं स्टीलच्या चाळणीचं. तिळगूळ झाला, उखाणे झाले. स्वयंपाकघराचं दार बंद होतं आणि त्या बंद दाराच्या फटीतून तळलेल्या मासळीचा वास येत होता.

वास बारीकसा नव्हता, दणदणीत होता. आमच्या पुण्याच्या घरात सात पिढ्यांत मासा शिजला नसेल, पण तो कसला वास आहे हे मला पहिल्या श्वासात कळलं. बाकीच्यांनाही कळलं, त्या एकमेकींकडे बघत होत्या. मी काय करावं? गप्प बसावं की नाही? मी मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "वरदा, कसला गं वास येतोय?"

तिच्या हातात हळदीकुंकवाचं तबक होतं. ती म्हणाली, "कचऱ्याच्या बिनचा. दोन आठवडे उचललंच नाहीये त्यांनी."

एवढ्यावर मी थांबले असते तरी चाललं असतं. पण तक्रार करणं हा माझा जन्माचा छंद. सोमवारी मी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन लावला आणि वरदाचा पत्ता देऊन सांगितलं, इथे बिनचा असह्य वास येतोय. नाव सांगितलं नाही. मला ठाऊक होतं ते बिन नव्हतं. ती खोटं बोलली हे कुणालातरी कळलंय, एवढं तिला कळावं, अशी मला खाज सुटली होती. मैत्रिणीला चिमटा काढायचा आणि वर आपण नामानिराळं राहायचं. तेव्हा मला त्यात काही वाईट वाटलं नव्हतं, उलट दोन दिवस हसू येत होतं.

पुढच्या आठवड्यात गयाबाई परत गेल्या, तीन महिन्यांऐवजी चार आठवड्यांतच. थंडी सोसली नाही, असं वरदानं सांगितलं. त्यापुढच्या वर्षी त्या वारल्या. बास, मला एवढंच माहीत होतं.

शनिवारी सकाळी मी वरदाकडे गेले. सुहास बागेत गवत कापत होता. वरदा चहाचं आधण ठेवत होती. अन्वीनं तिला बोटीबद्दल आधीच सांगितलं होतं आणि हिनं 'मला बोटी आवडत नाहीत' म्हणून उडवून लावलं होतं. कोळ्याची पोर, आणि हिला बोटी आवडत नाहीत. मी म्हटलं, "समरनं अन्वीला पापलेटाचं सांगितलंय. ती मला विचारत होती."

वरदानं गॅस बारीक केला. आता ही मला घालवून देणार, असं मला वाटलं. पण ती खुर्ची ओढून बसली आणि सांगायला लागली. इतकी वर्षं कुणी विचारायची वाटच बघत असल्यासारखी.

आई आल्या दिवसापासून वरदानं तिला बजावलं होतं, घरात मासळी करायची नाही. गयाबाईंनी दोन आठवडे पाळलं. हळदीकुंकवाच्या दिवशी मात्र वरदा वर साडी नेसत असताना त्यांनी फ्रीजरमधली सुरमई काढली. सुहासनं साउथॉलहून आणून मागे दडवून ठेवलेली. हळद-तिखट-मीठ लावलं, रव्यात घोळवली आणि तळायला घेतली. वरदा खाली आली तेव्हा अर्धी परात भरली होती. तिनं आईला, हे काय करून बसलीस, असं विचारलं. गयाबाईंना तिचा रागच कळेना. त्या म्हणाल्या, "गो बाय, घराशी एवढ्या बायका येनार आन् त्यांना नुसता तीलगूल देशील? आपल्या घरची रीत काय ती?"

तेवढ्यात बेल वाजली. वरदानं खिडकी उघडली, आईला आत ठेवलं आणि दार ओढून घेतलं. जानेवारीत, उघड्या खिडकीजवळ, गयाबाई दोन तास उभ्या होत्या. आम्ही बाहेर उखाण्यांना हसत होतो.

"आम्ही गेल्यावर?" मी विचारलं.

आम्ही गेल्यावर वरदानं आईला सांगितलं, सगळ्या घाईत होत्या म्हणून मी डबे भरून दिले. गयाबाई खूश झाल्या. त्या झोपल्यावर वरदानं ती सुरमई काळ्या पिशवीत बांधली आणि बिनमध्ये टाकली. गुरुवारी कौन्सिलचा माणूस आला. वासाची तक्रार आलीय म्हणाला. त्यानं झाकण उघडलं, हातमोजे चढवले आणि काय आहे बघायला पिशवीची गाठ सोडली. गयाबाई पुढच्या खोलीच्या खिडकीत बसल्या होत्या. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण स्वतःच्या हातचे तुकडे त्यांना काचेतून ओळखता आले.

"काही बोलल्या का?"

"रडली नाही की भांडली नाही. एवढंच म्हणाली, असू दे गो बाय, तुला इथं र्‍हायाचं हाय. आणि सुहासला म्हणाली, माझं तिकीट अलीकडचं काढ." वरदा माझ्याकडे न बघता बोलत होती. "ती गेल्याचा फोन आला ना, त्या दिवसापासून मी मासे खरोखरच सोडले. निदान बोलले ते तरी खरं व्हावं. आता मी त्या बोटीवर जाऊन बसू, आणि कुणी मला बशीत मासे आणून वाढेल? माझ्या घशाखाली उतरेल ते?"

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. इतकी वर्षं ही बाई एकटी हे गिळून बसली होती आणि शेजारच्या इंग्लिश म्हातारीशी धड बोलत नव्हती, कारण तक्रार तिनंच केली अशी हिची खात्री. म्हातारी ख्रिसमसला कार्ड टाकायची आणि वरदा ते उघडायचीही नाही. त्या बिचारीचा काय दोष? मला माझी लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती. सांगितलं तर ही मला घराबाहेर काढेल, आणि या देशात माझं दुसरं कोण आहे?

मी म्हटलं, "वरदा, कौन्सिलला फोन मी केला होता."

चहा उतू गेला. गॅस मी उठून बंद केला, तरी ती हलली नाही.

"ते बिन नाही, हे मला माहीत होतं," मी म्हटलं. "तरी केला."

"माहीत तर सगळ्यांनाच होतं," ती म्हणाली. "तुमची तोंडं दिसत होती मला. अकराजणींपैकी एक जरी म्हणाली असती ना, की आण बाहेर, बघू काय केलंय आईनं, तर मी दार उघडलं असतं." मग स्वतःच म्हणाली, "नसतंही उघडलं. उगाच तुमच्यावर कशाला ढकलू? दार मीच ओढलं होतं."

बाराला वीस मिनिटं होती तेव्हा अन्वीचा फोन आला. वरदानं तो टेबलावर ठेवूनच घेतला, दोघींना ऐकू येईल असा. अन्वी विचारत होती, काय ठरलं, ती माणसं जागा सोडून देतील. अन्वीनं दोनदा हॅलो हॅलो केलं.

"कर बुक," वरदा म्हणाली.

अन्वीला आनंद झाला, मग लगेच तिनं विचारलं, फॉर्मवर डायटरीमध्ये व्हेजिटेरियन लिहू ना?

"नको. मी मासे खाते. तुझी आजी मासे विकायची, आणि मी तिला या घरात फार वाईट वागवलंय. तू पुढच्या शनिवारी घरी ये, मी सगळं सांगते. ऐकल्यावर बोटीवर माझ्याबरोबर यावंसं वाटलं नाही, तर तसं सांग." वरदा पुढे म्हणाली, "आणि तिसरी जागा घे. उल्कामावशी येतेय."

अन्वीनं चाचरत विचारलं, मावशीसाठी व्हेजिटेरियन लिहू?

वरदानं फोन माझ्यापुढे सरकवला. मी त्रेसष्ट वर्षांची आहे. केक घेताना त्यात अंडं आहे का विचारते, आणि माझ्या घरी मासे तळलेल्या तेलाची कढईसुद्धा आलेली नाही. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलंही होतं.

"काही लिहू नकोस," मी अन्वीला सांगितलं. "वाढतील ते खाईन."

अन्वी ओके म्हणाली आणि फोन बंद झाला. वरदानं उतू गेलेला चहा फडक्यानं पुसला, पातेलं सिंकमध्ये ठेवलं आणि नव्यानं आधण ठेवलं. माझ्याकडे तिची पाठ होती.

"आईनं प्रत्येकीला दोन-दोन तुकडे काढले होते," ती म्हणाली. "तुला चार. मीच तिला सांगितलं होतं ना, उल्का माझी सगळ्यात जवळची मैत्रीण म्हणून."