फावड्यासाठी केलेला संप

बोट बॅलार्ड पियरवरून सुटली तेव्हा धक्क्यावरची सगळी माणसं एकाच वेळी ओरडत होती, वर बोटीचा भोंगा, आणि कुणाचं कुणाला काही कळत नव्हतं. त्या गर्दीत एकटे माझे बाबा तोंड मिटून उभे होते. ते हातांनी बोलत होते. मिलच्या साचाखात्यात उभं आयुष्य काढलेला माणूस. तिथं साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात शेजारच्याचीही हाक ऐकू जात नाही, म्हणून सगळा कारभार खुणांचा. घरीसुद्धा रागावले की खुणेनंच.

त्या दिवशी त्यांनी तीन खुणा केल्या. पाची बोटं तोंडाशी नेली, म्हणजे वेळेवर जेव. तळहातावर बोट फिरवलं, म्हणजे पत्र घाल. तिसरी मी कधी पाहिली नव्हती. आधी माझ्याकडं बोट, मग स्वतःच्या छातीवर थाप, आणि शेवटी कोंबडी हुसकावतात तसा हात झटकला. मी इंटरच्या वर्गातली, कादंबऱ्या वाचून डोकं हलकं झालेली. मला वाटलं, ‘तू माझ्या काळजात आहेस’ असं म्हणतायत. एडन येईपर्यंत मी त्या खुणेवर रडत होते. शेजारच्या बाई मला बोट लागली समजून लिंबू देत होत्या.

आमचं बिऱ्हाड डिलाईल रोडच्या चाळीत, एका खोलीत. त्याच खोलीत आईची खाणावळ. मालवणाकडून आलेले बारा गिरणी कामगार दोन वेळा पंगतीला. पहाटे नळावर पाणी भरणं, कांदे चिरणं, भाकऱ्या थापणं, बाराच्या बारा ताटं घासणं, हे माझं काम, आणि उरलेल्या वेळात कॉलेज. तशात एक दिवस आमच्या सरांनी वर्गात सांगितलं, की इटलीत डोंगरातल्या एका गावाला शाळेपर्यंत रस्ता नाही, तो बांधायला देशोदेशीचे विद्यार्थी जमणार आहेत, सहा आठवडे श्रमदान, जाण्यायेण्याची सोय बोलावणारे करतील. मी हात वर केला. इटली कुठं आहे ते घरी येऊन नकाशात पाहिलं.

आईनं ऐकून घेतलं आणि भाकरी उलटली. “आणि बारा ताटां कोण घासतलो? तुझो प्रोफेसर येतलो काय?”

बाबा म्हणाले, “जांवदे गे तिका. बगूया.”

कसं बघणार, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पाऊल उचललं नसतं, एवढी अक्कल मला तेव्हाही होती. पण ती बारा ताटं माझ्याबरोबर बोटीवर चढली. जेवणाची घंटा झाली की डोळ्यांसमोर यायची.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. गिरणीच्या गेटवर सभा, रस्त्यात मोर्चे, आणि मोर्चात मी पुढं. म्हणजे दुसऱ्या रांगेत. पहिल्या रांगेला लाठी लागते. घोषणा देऊन देऊन माझा आवाज कायम बसलेला. हा आवाज मी इटलीला घेऊन गेले, तोच नडला.

गाव मात्र काय होतं! दगडी घरं, खाली नदी, आणि समोरच्या शिखरावर भर उन्हाळ्यात बर्फ. पहिल्या दिवशी मी त्या बर्फाकडं बघत चालले आणि सरळ एका बकरीवर आदळले. गावातल्या म्हाताऱ्या माझी वेणी हातात घेऊन वजन बघायच्या. आम्ही अठरा जण, सगळ्यांचं इंग्रजी वेगवेगळ्या गावचं. मला सगळंच आवडत होतं, नासलं समजून पहिल्या दिवशी मी बाहेर ठेवलेलं चीजसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दारावर यादी लागली. मुलगे रस्त्यावर, मुली स्वयंपाकघरात. माझ्यापुढं बटाट्यांचं पोतं आलं. आईच्या खाणावळीतून सुटून, तीन समुद्र ओलांडून, मी पुन्हा खाणावळीतच. डोकं फिरलं. सुरी खाली ठेवली आणि दारात मांडी घालून बसले. ऑस्ट्रियाची ग्रेटा सोलता सोलता थांबली. “काय झालं?”

“संप,” मी म्हटलं.

कसा करतात ते समजावून सांगायला दहा मिनिटं लागली. मग सातही मुली माझ्या शेजारी बसल्या आणि मी घोषणा दिली, “फावडं मिळालंच पाहिजे!” त्यांना अर्थ ठाऊक नव्हता, पण ताल पकडला.

शिबिराचा प्रमुख यान नावाचा उंच डच मुलगा. तो धावत आला, समोर उकिडवा बसला आणि शांतपणे म्हणाला, “पण तुला कुणी कामाला ठेवलेलंच नाही. तू संप कुणाविरुद्ध करते आहेस?”

खरंच होतं. मालक नाही, पगार नाही, कापणार काय? गिरणगावातली मुलगी, नावडतं काम पुढं आलं की तिला संपच सुचणार. यान म्हणाला, संध्याकाळपर्यंत कामाला लागली नाहीस तर पुढच्या बोटीनं परत पाठवावं लागेल. चाळीत काय सांगणार होते, की फुकटच्या कामावरून काढलं? तरी उठले नाही. दुपारी मुलगे भुकेले आले, चूल थंड. पंधरा मिनिटांत त्यांना आमची मागणी पटली. तीन वाजता याननंच नवी यादी लावली. मुलगे, मुली, सगळ्यांना दोन्ही कामं, पाळीपाळीनं.

मला फावडं मिळालं. साडीचा कासोटा मारून मी खणायला लागले आणि तासाभरात दोन्ही तळहातांवर फोड. बटाटे किती मऊ असतात ते तेव्हा कळलं. पण संप जिंकलेल्या पुढाऱ्याला बटाटे परत मागता येत नाहीत. ग्रेटानं रुमाल फाडून हातांना बांधला. त्या हातांनी मी घरी चार पानी विजयपत्र लिहिलं.

परतले ती दुपारी. ट्रंक घेऊन जिना चढले, तर मोरीत बाबा. पहिली पाळी करून आलेले, बनियनवर, राखेनं ताटं घासत. पंगतीतला एक जण हात पुसत टोमणा मारत होता, “भाऊ, कालच्या ताटाक राख तशीच होती हां.” बाबांनी मला पाहिलं, ओल्या हातानं तीच तिसरी खूण केली आणि हसले.

मी आईकडं पाहिलं. ती म्हणाली, “साचाखात्यात कोण पाणी पिऊक गेलो की बाजूवालो असाच सांगता. तू जा, तुझे साचे मी बगतंय.” आणि वर म्हणाली, “तुझां पत्र ह्येंनी बाराय जणांका वाचून दाखवल्यानी. बटाटे सोलूचे नाय म्हणान चेडवाचो संप, आणि बापूस हय कांदे चिरता.”

मी ताट ओढायला गेले. बाबांनी सोडलं नाही. “रवांदे. आज सुट्टी तुका.”

दुसऱ्या दिवशी मी आमच्या दारावर यादी लावली, पाळीपाळीची. आईनं तोंड वाकडं केलं, पण फाडली नाही. खाणावळ चालली तोवर बाबांची पाळी चुकली नाही.

ती चाळ आता नाही. तिच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत मी चौदाव्या मजल्यावर राहते. नात शिकायला म्हणून हॉलंडला गेली ती तिथलीच झाली. तिच्या खोलीतल्या कुंड्यांना मी पाणी घालते. माझ्या गुडघ्याच्या गोळ्या ती तिकडून मागवते आणि परळातल्या औषधाच्या दुकानाचा माणूस दार वाजवतो. मधेच फोनवरचा आवाज जातो, तिचं नुसतं तोंड हलताना दिसतं. ती वैतागते. मी तिच्याकडं बोट करते, छातीवर थाप मारते आणि हात झटकते. तीही तेच करते, मीच शिकवलंय. बाहेर गेलेल्या सगळ्यांनो, गेलात तिकडं सुखात राहा. घर कुठं आहे ते मला कुणी विचारू नका. कोण कुणाचे साचे बघतंय तेवढं विचारा.