न पाहिलेल्यावर सही नाही

देवाने सृष्टी पाठवण्याआधी ती आमच्या काकांकडून तपासून घेतली असती, तर निम्मी सृष्टी दुरुस्तीसाठी परत गेली असती. काका म्हणजे आमचे सख्खे कोणी नव्हेत. बाबा पिपलानीच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि रस्त्यापलीकडच्या लहान क्वार्टरमध्ये राहणारे काका त्याच कारखान्यात तपासनीस. तयार होऊन आलेला प्रत्येक भाग, त्यांच्या भाषेत 'जॉब', मोजायचा आणि त्यावर ओके किंवा रिजेक्ट लिहायचं, हे त्यांचं काम. पाच वाजता कारखाना सुटायचा, तपासणी सुटायची नाही. बारीक माप घ्यायचं ते लोखंडी व्हर्निअर घरी आल्यावरही त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. काकूंच्या पोळीची जाडी ते मोजत. दिवाळीत लाडू वळून झाले की एकेक लाडू व्हर्निअरमध्ये धरून पाहत आणि मापात न बसलेले बाजूला काढत. नापास माल गिऱ्हाइकाला जाता कामा नये, म्हणून ते लाडू स्वतःच खात. दरवर्षी नापास लाडवांची संख्या वाढतच का जाते, याबद्दल काकूंचं स्वतंत्र मत होतं.

नववीत असताना मी घरात जाहीर केलं की मी प्राणिशास्त्रज्ञ होणार. आई म्हणाली, "म्हणजे डॉक्टरच ना?" बाबा म्हणाले, "आधी गणिताचं बघ." माझं म्हणणं गंभीरपणे घेतलं ते एकट्या काकांनी. "हाव ना," ते म्हणाले, "मग सुरू कधी करतेस?" मी म्हटलं, बारावी झाल्यावर कॉलेजात शिकवतात. काका चिडलेच. "काहून? फिटर नोकरी लागल्यावर पाना धरायला शिकतो काय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जाडजूड रजिस्टर आणलं आणि पट्टीने रकाने आखले: तारीख, ठिकाण, प्राणी, माप, निकाल, निरीक्षकाची सही, अधिकाऱ्याची सही. निरीक्षक ते आणि अधिकारी मी. चौदाव्या वर्षी मला सहीचा अधिकार मिळाला, तो पुढे कुठल्याच नोकरीत तितक्या इतमामाने मिळाला नाही.

गंमत अशी की काकांना प्राण्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. गोगलगाय, नळाजवळचा बेडूक, पेरूच्या झाडावरची अळी, सगळ्यांना ते 'माल' म्हणत. मी बेडकाला व्हर्निअर लावलं की मागून सूचना येई, "हलकं धर, माल जिवंत आहे!" 'अंदाजे' या शब्दाला रजिस्टरात बंदी होती. "अंदाजे म्हणजे काय? मोजलं का नाही मोजलं?" आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, जे आपण डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सही करायची नाही. एकदा मला ताप होता, म्हणून दोन दिवसांच्या सह्या मी मागाहून एकदम ठोकून दिल्या, तर काकांनी त्या खोडून रबराने कागद फाटेपर्यंत घासला. अशा या करारी माणसाला भीती वाटत होती फक्त पालीची. ट्यूबलाइटमागच्या पालीचं माप घ्यायचा दिवस आला की काका दाराबाहेर स्टूल ठेवून त्यावर उभे राहत आणि तिथूनच रजिस्टर लिहीत. पाल भिंतीवर असताना स्टुलावर चढल्याने कोणता बचाव होतो, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

एकदा त्या पालीची शेपूट तुटली. काकांनी निकालाच्या रकान्यात तत्काळ रिजेक्ट लिहिलं. मी म्हटलं, "काका, ती परत येते. सध्या पेंडिंग लिहा." काका उखडले. "पेंडिंग कामचोर लिहितात. माल पास तरी असतो, नाही तर नापास." पुढे हळूहळू शेपूट आली. काकांनी स्टुलावरूनच खात्री केली, रिजेक्ट खोडून ओके लिहिलं आणि म्हणाले, "नापास झालेला जॉब आपल्या आपण दुरुस्त झाला! इतक्या वर्षांच्या नोकरीत नाही पाहिलं बाप्पा असं."

दहावीच्या निकालानंतर बाबांनी एम. पी. नगरातल्या कोचिंगचा फॉर्म आणला. मेडिकलची तयारी, दोन वर्षं. मला प्राणिशास्त्राला जायचं होतं आणि ते बाबांना सांगायची हिंमत नव्हती. मी काकांपाशी रडले. त्या संध्याकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याकडे आले आणि खुर्चीवर बसले. एरवी ते साहेबांच्या घरी दारातच उभे राहून बोलत, आईने कितीही आग्रह केला तरी. "साहेब," ते म्हणाले, "तुमच्या वर्कशॉपचे जॉब मी कितीदा परत पाठवले, तुम्ही कधी राग नाही धरला. आज हा फॉर्म परत पाठवतो. पोरीनं दोन वर्षांत कामात कसूर नाही केली. हे रजिस्टर बघा." बाबांनी पानं उलटली. चांगली दहा मिनिटं पाहिली. मग ते माझ्याकडे वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तूच सांग. तुला काय करायचंय?"

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. मी काकांकडे पाहिलं नाही. "कोचिंगला जाते," मी म्हणाले. काका "बरं साहेब" म्हणून उठले, खुर्ची होती तशी भिंतीला लावली आणि रजिस्टर काखेत घेऊन गेले.

मेडिकलला माझा नंबर लागला नाही. प्राणिशास्त्राचं नाव मी पुन्हा काढलं नाही. मग बी.कॉम., मग त्याच एम. पी. नगरात विम्याच्या ऑफिसात नोकरी, लग्न, मिसरोदला फ्लॅट. वाईट काही झालं नाही. पण नळाशी बेडूक दिसला की मला अजून फार वाईट वाटतं आणि ते कुणाला सांगता येत नाही. कोचिंगच्या त्या दोन वर्षांत बस पकडायला मी काकांच्या फाटकावरून तोंड फिरवून जात असे. निवृत्तीनंतर ते गोविंदपुऱ्याच्या बाजूला दोन खोल्यांत राहिले, तिथेही मी फक्त दिवाळीची जाई. गेल्या वर्षी काका त्यांच्या मुलाकडे नागपूरला कायमचे निघाले, तेव्हा मात्र ते माझ्या घरी आले आणि रजिस्टर ठेवून गेले. "सामान कमी करतोय," एवढंच म्हणाले.

मला वाटलं होतं, ते रजिस्टर माझ्या कोचिंगच्या फॉर्मपाशी संपलं असेल. ते संपलं नव्हतं. मी सोडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून क्वार्टर रिकामी करेपर्यंत एक दिवस गाळलेला नव्हता. पहिल्या आठवड्यातली नोंद त्यांच्या ठसठशीत अक्षरात होती: 'पाल. माप घेतले नाही. कारण: निरीक्षक घाबरला.' पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्याही. आणि मग पावसाळ्यातल्या एका पानावर, ओळीबाहेर गेलेल्या अक्षरांत: 'पाल. माप घेतले.' प्रत्येक पानावर निरीक्षकाची सही होती आणि तिच्या शेजारी अधिकाऱ्याचा रकाना कोरा होता.

मी नागपूरला फोन लावला. काकांना आता कमी ऐकू येतं, मोठ्याने बोलावं लागतं. "काका, सह्या करून टाकू का?"

"तू पाहिलं काय?"

"नाही."

"मग?"

मला रडू फुटलं. ते त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मागे काकूंचा टीव्ही चालू होता. "मग काय लिहू, काका?" मी ओरडूनच विचारलं.

काकांनी काकूंना टीव्ही बारीक करायला सांगितलं.

"पेंडिंग लिही, बेटा," ते म्हणाले.