नुसती पावडर

टेपमावशीला खऱ्या नावाने हाक मारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. मोजायची टेप दिवसभर गळ्यात, म्हणून हे नाव. तीस वर्षं ती बायकांचे कपडे शिवत होती. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली, दोन मशिनं, एक उभा आरसा आणि पडद्यामागे माप घ्यायची जागा. तिथे बायका पोट आत ओढून उभ्या राहत आणि मावशी म्हणे, "सोडा आता श्वास. कपडा घालून जगायचंय ना?"

दुसऱ्यांच्या वाढत्या मापांबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. स्वतःचं मात्र तिला खुपायचं. पन्नाशी उलटली होती, काम बैठं, गुडघे कुरकुरायला लागलेले. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची गोळी सुरू केली होती आणि वजन उतरवा म्हणून सांगितलं होतं. कसं, ते सांगायला त्यांना सवड नव्हती आणि विचारायला हिला धीर नव्हता.

वाट दाखवली ती एका गिऱ्हाइकाने. ही बाई व्यायामाचे वर्ग चालवायची. ड्रेस कमरेत आवळून घ्यायला आली, तेव्हा पिशवीतून तिने एक हिरवा डबा काढला. "मावशी, हे औषध नाही हं. नुसती पावडर. झाडपाल्याची. सकाळी पाण्यातून एक चमचा, बास."

गुण आला. भूकच मेली, महिन्यात चार किलो उतरले. मावशी हरखून गेली. बायका विचारायला लागल्या आणि माप घेता घेता ती डब्याचं नाव सांगायला लागली. बघता बघता पाच जणी पावडर घेऊ लागल्या. त्यातली एक तिची धाकटी जाऊ.

दुसऱ्या महिन्यात तिची छाती विनाकारण धडधडू लागली. तोंड कोरडं पडायचं, झोप तुटायची. मग एका दुपारी सुईत दोरा ओवता येईना. बोटं थरथरत होती. दुसऱ्याच दिवशी एका कोटाचं कापड तिने खुणेच्या आत कापलं. असं तीस वर्षांत झालं नव्हतं.

हे कशाने होतंय, याचा तिने आपल्या परीने हिशेब मांडला. औषध म्हणावं असं पोटात एकच जात होतं, ती प्रेशरची गोळी. तीच बाधत असणार. तिने ती बंद करून टाकली.

पुढे आठवड्याभरात तिचं डोकं ठणकायला लागलं. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जाऊन ती म्हणाली, "हात थरथरतात, काहीतरी द्या." दुकानातल्या बाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी काही दिलं नाही. स्टूल पुढे केलं, थोडा वेळ बसू दिलं आणि मग दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"औषधं कोणती घेता?"

"कुठलीच नाही. प्रेशरची होती, तीही सोडली."

बाईंनी दुसऱ्या तऱ्हेने विचारलं, "बरं, सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते सांगा. सगळं."

चहापासून सांगता सांगता मावशी पावडरपर्यंत आली. बाईंनी डबा मागवला, चष्मा लावून उलटासुलटा वाचला.

"कुणी बनवलं, आत काय किती आहे, काही लिहिलेलं नाही. अशा डब्यांत कधी कधी नाडी पळवणारी रसायनं मिसळलेली सापडतात. यात आहेत की नाहीत, ते मला नुसतं बघून सांगता यायचं नाही."

"पण झाडपाल्याचं आहे ना ते!"

"असेलही. तंबाखूसुद्धा पानच असतं, ताई. पावडर बंद करा, आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा. तुम्हाला सांभाळत होती ती गोळी तुम्ही सोडलीत."

त्या दिवशी दवाखान्यात तिच्या हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, गोळी पुन्हा सुरू झाली. या खेपेला तिने धीर करून विचारलं, "मग वजनाचं औषधच नसतं का?"

"असतं," डॉक्टर म्हणाले. "काहींना देतोही. पण आधी तपासण्या, मग औषध, आणि त्यावर आमची नजर. तुमचं प्रेशर आधी ताळ्यावर येऊ दे."

तीन आठवड्यांत थरथर थांबली. चारातले तीन किलो परत आले.

मग ती त्या पाच जणींकडे गेली. दोघींनी पावडर आधीच सोडली होती. छाती धडधडायची, पण सांगायची लाज वाटली, म्हणाल्या. दोघींनी तिच्यासमोर डबा कचऱ्यात टाकला. वर्गवाली बाई मात्र फोनवर चिडली. "तुमच्याच तब्येतीत खोट असेल," म्हणाली, आणि पुन्हा दुकानात फिरकली नाही.

धाकटी जाऊ ऐकेना. "जाऊबाई, तुम्हीच सांगितलीत ना? आता मला सोसतेय तर तुमच्या पोटात का दुखतंय?"

मावशीला हे लागलं, कारण पहिलं वाक्य खरं होतं. ती तीनदा गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "डबा राहू दे. नाडी तेवढी मोजून घे. मी येते बरोबर."

औषधांच्या दुकानात, त्याच स्टुलावर, जावेची नाडी बसल्या जागी एकशे अठरा भरली. बाईंनी पुन्हा मोजली. तेवढीच. "शंभराच्या आत हवी," त्या म्हणाल्या. घरी जाऊन जावेने पावडर मोरीत ओतली आणि पुढे दोन महिने टेपमावशीशी धड बोलली नाही.