बिराजदार सरांच्या हौदातले पाणी

मी करकंबच्या शाळेत शिकलो. सोलापुरात मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा शाळेतलेच शिवलिंग बिराजदार सर आपल्या मागची खोली भाड्याने देणार आहेत असे कळले. सकाळीच गेलो. सर अंगणात काचेची नळी उजेडाकडे धरून उभे होते. नळीत पिवळसर पाणी होते. घरात कुणी आजारी आहे का, असे मी भीतभीत विचारले. सर म्हणाले, "पाण्याची प्रकृती बघतोय. कालपासून जरा बिघडलीय."

खोली मी घेतली. सर विज्ञान शिकवत. अंगणातल्या सिमेंटच्या हौदात त्यांनी मासे पाळले होते. हौदातले पाणी बादलीने काढून ते शेजारच्या खडी भरलेल्या वाफ्यात ओतत. त्या खडीत मेथी, चुका, टोमॅटो असे. झिरपलेले पाणी पन्हळीतून पुन्हा हौदात येई. माशांच्या घाणीवर भाजी पोसे आणि पाणी निवळे. हे काम खडीवर धरलेला बुळबुळीत थर करतो, तो कधी धुवायचा नाही, असे सर सांगत. रोज सकाळी नळीतल्या पाण्यात ते एका द्रावणाचे थेंब टाकत. रंग पिवळा झाला की पाण्यात अमोनिया साचला असे समजून त्या दिवशी माशांचा दाणा बंद. ते द्रावण विषारी म्हणून तपासलेले पाणी ते वेगळ्या बाटलीत जपून ठेवत. नळाचे पाणी पिंपात भरून दिवसभर उघडे ठेवत. त्यातला क्लोरीन उडून गेल्याशिवाय ते हौदात जात नसे.

सरांच्या शाकाहारी घरात मासा शिजणे शक्यच नव्हते. "सर, कालवण कधी?" असे गल्लीतले लोक मुद्दाम विचारत. सर विचारणाऱ्याच्या हातात मेथीची जुडी ठेवत. दुष्काळात नळ कोरडे पडले, तरी फिरून फिरून येणाऱ्या त्याच पाण्यावर ती मेथी तगली. गावोगावच्या अंगणांत असा हौद व्हावा, ही इच्छा सरांच्या मनात तेव्हापासूनची. पुढे पाऊसपाणी बरे झाल्यावर शेतीखात्यातले एक अधिकारी पाहायला यायचे ठरले. त्यांना पटले असते तर मंगळवेढ्याच्या बाजूला काही हौद सरकारी मदतीने बांधले जाणार होते.

नेमके त्याच आठवड्यात सर पेपर तपासायला पुण्याला गेले आणि मागे ग्रहण आले. घरात सरांच्या थोरल्या बहीण, आक्का. त्या मैंदर्गीहून नुकत्याच राहायला आलेल्या. आईविना पोरक्या भावाला त्यांनीच वाढवले, त्याच्यासाठी स्वतःचा संसार मांडला नाही. सरांना त्या कानडी वळणाने 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. ग्रहण सुटल्यावर घरातले सगळे पाणी टाकायची त्यांची रीत. मासे त्यांनी अलगद घागरीत काढले, हौद उपसला, खडी घासून चकचकीत केली. पिंपातले पाणीही ग्रहणातलेच, म्हणून तेही ओतून दिले आणि हौद थेट नळाने भरला.

दुसऱ्या दिवशी सर आले. मीही करकंबहून नुकताच परतून अंगणात उभा होतो. सगळे मासे उताणे तरंगत होते.

"साहेब यायचं हाय म्हणून खडीबी घासली बघ," आक्का म्हणाल्या. "तम्मा, मासं कशानं गेलं रं?"

सरांनी हौदाकडे पाहिले, मग घासलेल्या खडीकडे.

"उन्हानं गेले, आक्का. ऊन लई होतं."

अधिकारी आले, रिकामा हौद पाहून चहा घेऊन गेले. त्यांनाही सरांनी उन्हाचेच कारण सांगितले. ते पुन्हा आले नाहीत. हौद पुन्हा मांड, असे पुढे आक्काच आग्रहाने म्हणत. सर हो हो म्हणत आणि विषय बदलत. पुढच्या ग्रहणाला आक्कांना अडवावे लागले असते, आणि अडवले तर मागचे सारे त्यांच्या लक्षात आले असते. वर्गात चुकीच्या उत्तराला कधीही बरोबर न म्हणणाऱ्या सरांनी घरात हे एक चुकीचे उत्तर अखेरपर्यंत सांभाळले.

गेल्या वर्षी आक्का वारल्या. महिना-दीड महिन्याने मी धीर करून म्हणालो, "सर, आता मांडा की हौद."

सर म्हणाले, "ती गेल्यावर मांडला, तर तीच आड येत होती असं होईल. ते नको, गुरुजी."

साठीच्या गौरवअंकासाठी हे लिहू का, असे सरांना विचारले तेव्हा त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी देवभोळा माणूस. आक्कांची रीत मी आजही पाळतो आणि सरांचे म्हणणेही मला मोडवत नाही. तरी ज्या अंगणांत भाजी पिकली असती, ती डोळ्यांपुढून हलत नाहीत.

साठी पूर्ण करणाऱ्या सरांसाठी देवाजवळ माझे मागणे एवढेच, की आम्हा सहकाऱ्यांपैकी, विद्यार्थ्यांपैकी कुणाच्या तरी अंगणात तसा हौद व्हावा, आणि पाणी बिघडले म्हणून सरांना बोलावणे जावे. तिथवर चालत जाण्याइतके बळ त्यांच्या पायांत पुष्कळ वर्षे राहो.