आमची वेल कुणी चोरत नाही

मनी प्लँट चोरूनच आणायचा असतो, हा धडा जयपूरला बदली होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात आईला मिळाला. शिकवणारी होती समोरच्या क्वार्टरमधली भाभी. "मांगकर मत ले जाना आंटी जी, मांगा हुआ फलता नहीं. चुपचाप तोड़ लो," असं म्हणून ती मुद्दाम आत निघून गेली. जिनं जन्मात कुणाच्या शेतातली बोरंसुद्धा न विचारता घेतली नाहीत, त्या माझ्या आईनं एक फांदी खुडली, पदराखाली धरली आणि तरातरा घरी आली. भाभी खिडकीतून बघून हसत होती. आईही हसत होती. बाबा गेल्यानंतर तिला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं.

मी रेल्वेत नोकरीला. सकाळी जाते ती अंधार पडता पडता येते. दुपारभर आई एकटी, अकोल्याकडची भाषा आणि मोडकंतोडकं हिंदी घेऊन. त्यामुळे गल्लीतला हा चोरीचा खेळ तिला फार आवडला. जिची वेल तुटायची ती फाटकात उभी राहून न दिसलेल्या चोराला खोट्या शिव्या घालायची, बायका गोळा व्हायच्या, आणि मग चहा तिच्याच घरी. आई अशा दोन-तीन चहांना जाऊन आली आणि आपल्या वेलीला रोज पाणी घालताना सांगू लागली, "वाढ बापा लवकर."

वेल वाढली. पण तेवढ्यात एका दुपारी भाभीनं विचारलं, "आप लोग क्या लिखते हो?" इकडे आडनाव असं विचारतात. आईनं सांगितलं. त्या आडनावावरून भाभीला काही उलगडा होईना, म्हणून तिनं "मतलब?" केलं. आईला लपवायचं कारण काय? "हम बौद्ध है," ती म्हणाली. भाभी म्हणाली, "अच्छा."

त्यानंतर आली बुद्धपौर्णिमा. आईनं खीर केली, वाट्या झाकून घरोघर नेल्या. एकीला उपास होता. एकीला शुगर होती. एकीच्या घरी नेमकं सकाळीच पोट बिघडलं होतं. सगळ्या अतिशय गोड बोलल्या, ह्या शहराला गोड बोलण्यात कुणी हरवणार नाही. खीर आम्ही दोघींनीच दोन दिवस खाल्ली आणि मला अजून त्या खिरीचा राग आहे.

गल्लीत वेली तुटत राहिल्या. शिव्या, हसणं, चहा सगळं सुरू राहिलं. आमची वेल मात्र दाराची जाळी चढून फाटकावर आली, हाताएवढी पानं झाली, आणि एकही पान कुणी खुडलं नाही. आई एकेक टोक उचलून फाटकाच्या बाहेर सोडायला लागली, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताला लागेल असं. मी म्हटलं, "आई, नको ना." ती म्हणाली, "राहू दे. भायेर ऊन चांगलं लागते."

त्या चिडीत मी ड्यूटीवर फोनवर ह्या वेलीची कुंडलीच काढली. बाई मूळची पॅसिफिक महासागरातल्या एका चिमुकल्या बेटावरची. तिचं शास्त्रीय नाव पुन्हा पुन्हा बदललं, कारण ती जवळजवळ कधी फुलतच नाही, आणि फूल पाहिल्याशिवाय तिला कोणत्या वंशात घालायचं हे वनस्पतिशास्त्रज्ञांना ठरवता येईना. कित्येक वर्षं ती ह्या वंशातून त्या वंशात फिरत राहिली. कुठेतरी एकदाची फुलली, तेव्हा वाद मिटत आला. दुकानदार अजूनही तिला पहिल्या, चुकीच्या नावानंच विकतात. काही जण तिला सैतानाची वेल म्हणतात, कारण अंधारातही ती मरत नाही. आणि फूल नाही म्हणजे बी नाही, म्हणून जिकडेतिकडे दिसते ती फांदीपासून लावलेलीच. म्हणजे आमच्या गल्लीतल्या सगळ्या कुंड्यांमध्ये एकच वेल होती. भाभीच्या दारातली आणि आमच्या दारातली तर सख्खी, तुकडा तिचाच. विद्वान लोक फुलाची वाट बघत थांबले. आमच्या गल्लीला एक "अच्छा" पुरला.

जूनमध्ये लू, म्हणजे इकडचे भाजणारे वारे, सुटली आणि गल्लीतल्या बहुतेक वेली करपल्या. आईनं आमच्या वेलीवर ओलं गोणपाट बांधलं होतं, ती तेवढी हिरवीगार राहिली. मला वाटलं, आता तरी येतील. आल्या नाहीत. भाभी राजा पार्कला जाऊन नर्सरीतून प्लास्टिकच्या कुंडीतला मनी प्लँट विकत घेऊन आली. विकत! जो चोरूनच आणायचा असतो असं तिनंच शिकवलं होतं.

मला राहवलं नाही. मी रस्ता ओलांडून तिला विचारलं, "हमारी क्यों नहीं ली?"

"अरे दीदी, आपकी तो इतनी सुंदर है, तोड़ने का जी नहीं करता."

"बाकियों की बदसूरत थी क्या?"

"आप तो बुरा मान गईं," असं म्हणून ती हसली, आणि मी तिच्या दारातून तशीच परतले. अंगाची लाही लाही झाली होती. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना मी फाटकाबाहेर लोंबणारी चांगली लांब फांदी कापली आणि पर्समध्ये कोंबली. आईला एक दिवस तरी वाटू दे, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी आले तर दार लावलेलं. आई आत पलंगावर बसली होती, दिवा न लावता.

मी उसन्या उत्साहानं म्हटलं, "अगं, वेल तोडली वाटतं कुणी?"

"तूच तोडली," ती म्हणाली. "कैचीनं. चोर काय कैची घेऊन येते?"

मी पर्समधली फांदी काढून पलंगावर ठेवली.

"पन ते मले मागून दिसलं," आई म्हणाली. "पयले त मी पयतच फाटकात गेली. मोठ्यानं शिव्या देल्या चोराले. हसत हसत. लय वेळ देल्या. समोरचीनं पडदा सरकवून पाह्यलं."

"मग?"

"मंग तिनं पडदा लावला."