दत्ताची झोप

मी गाव सोडलं तेव्हा दत्ता झोपला होता. पोलादपूरहून पहाटेची एसटी गाठायची तर आमच्या वाडीवरून अंधारातच खाली उतरावं लागे. बाबांनी माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली, आईने हातावर दही ठेवलं, आणि ओटीवरून उतरताना मला धाकट्या भावाला ओलांडून जावं लागलं, कारण तो पायरीच्या तोंडाशीच आडवा पसरला होता. "उठवा की त्याला," मी म्हणालो. बाबा म्हणाले, "झोपू दे. उठून काय करणार हाय तो?"

एसटीत बसल्यावर पेटीतल्या वस्तूंची यादी मी मनातल्या मनात तपासली. महाडच्या आयटीआयचं सर्टिफिकेट, कपडे, चादर, लोणच्याची बरणी, सगळं होतं. तरी काहीतरी मागे राहिल्यासारखं वाटत होतं. ते काय होतं, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

जे वाडीवर राहिलात आणि जे माझ्यासारखे एसटीत बसलात, त्या दोघांसाठी हे लिहितोय. महाडच्या एमआयडीसीत कायम नोकरी मिळाली नाही, म्हणून मी गुजरातेत अंकलेश्वरला एका केमिकल कंपनीत स्टोअरमध्ये हेल्पर म्हणून लागलो. आता त्याच स्टोअरचा इन्चार्ज आहे. तिथली पोरं मला मोटाभाई म्हणतात. अडलेल्या कामाला मीही त्यांच्यासारखंच 'चालसे' म्हणतो, फक्त ते चालेपर्यंत मी मागे उभा असतो. मी याद्या करणारा माणूस आहे. व्हॉल्व्ह, गॅस्केट, हातमोजे, सगळ्याची यादी. घरी किराण्याची आणि भाजीची वेगळी. बायको सुनीता थट्टा करते, की आमच्या लग्नातले आहेर मी अजून तोंडपाठ म्हणून दाखवतो.

आधी झोप गेली. पहाटे जाग यायची आणि मग डोळा लागायचा नाही. पुढे पुढे तर रात्रीही लागेनासा झाला. मी शिस्तीत उपाय केले. दुधात जायफळ घातलं, काशाच्या वाटीने तळपाय घासून घेतले, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला, संध्याकाळचा चहा बंद केला. एकेक उपाय करून पाहायचा आणि खोडायचा. मग हळूहळू बाकीचंही जाऊ लागलं. रडू येत नव्हतं, दुःख असं काही नव्हतं. पण रॅकसमोर उभा राहिलो की कोणता खोका आधी उतरवायचा ते ठरेना. जेवणाला चव नव्हती, मुलीचा फोन आला तर उचलायचा कंटाळा. एका रविवारी सुनीता पिशवी घेऊन दाराशी थांबली आणि म्हणाली, "तुम्ही भाजीची यादी केली नाही." मी म्हणालो, "आण काहीही." त्यावर ती पिशवी खाली ठेवून खुर्चीवर बसली. दुसऱ्याच दिवशी तिने डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी सांगितलं की हे नैराश्य आहे. झोप आणि मन एकमेकांना खाली ओढतायत, तेव्हा दोन्हींवर एकदमच काम करायचं. गोळ्या दिल्या, त्या मनाने बंद करायच्या नाहीत असं बजावलं. उठायची वेळ रोज एकच. झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून बसायचं. आणि दुपारी झोपायचं नाही, अजिबात नाही. त्यांनी मला सुट्टीही घ्यायला लावली. ती संपेपर्यंत सुधारणा दिसली नाही तर स्टोअर दुसऱ्याकडे जाणार, हे साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं होतं. स्टोअर गेलं तर मी कोण उरतो, हे मला माहीत नव्हतं. सुनीता म्हणाली, "गावाला जाऊन या. दत्ताभाऊजींकडे शांत वाटेल."

तिला माहीत नव्हतं की तोवर मी झोपणाऱ्या प्रत्येक माणसावर जळू लागलो होतो. खुर्चीत मान टाकून घोरणारा वॉचमन, मागच्या सीटवर उघड्या तोंडाने पडलेला बसचा क्लीनर, शेजारी कूस बदलून क्षणात गाढ होणारी खुद्द सुनीता. आणि या सगळ्यांच्या वर दत्ता. लहानपणी आई त्याच्या तोंडावर पाणी शिंपडून उठवायची, तरी तो पाणी पुसून पुन्हा झोपायचा. बाबा म्हणायचे, "याला भाताच्या उडवीवर ठेवा नाय तर दगडावर, सारखाच."

दत्ता सहा सीटर रिक्षा चालवतो. सकाळी वाडीवरची माणसं पोलादपूरला सोडतो, दुपारी परत येऊन जेवतो आणि हात धुवून ओटीवर जो आडवा होतो, तो थेट संध्याकाळच्या चहाला उठतो. त्याच्या डोक्यावर घराच्या मागचा डोंगर आहे. पावसाळ्यात सरकारी माणसं येऊन सांगतात, दरड येईल, शाळेत झोपायला चला. तर हा शाळेतही झोपतो. माझा फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे, खाली गेट, गेटला वॉचमन, डोंगर नावाला नाही. आणि मी छत बघत बसतो. हा कुठला हिशेब?

वाडीवर गेल्यावर रोज दुपारी मी त्याच्यासमोर ताठ बसून राहायचो. दुपारी झोपायचं नाही, हा माझा नियम. त्याच्या अंगठ्यावर माशी बसायची, छाती वरखाली व्हायची, आणि मी त्याचे श्वास मोजत बसायचो. रजेवर आलोय, एवढंच त्याला सांगितलं होतं. गोळ्यांची पाकिटं बॅगेच्या तळाशी ठेवली होती.

चौथ्या-पाचव्या दुपारी त्याची बायको रंजना मागच्या अंगणात भांडी घासत होती. ओटीवर तांदूळ निवडायची पितळी परात भिंतीला टेकवलेली होती. मी ती उचलली. बाजूला ठेवायची होती असं मी कुणालाही सांगितलं असतं. मी ती त्याच्या कानाशी फरशीवर सोडली.

दत्ता ताडकन उठून बसला. "आली काय?"

"कोण?"

"डुकरं! दुसरं कोण?"

मागून रंजनाचा आवाज आला, "काय पडलं ओ भावजी?"

"परात पडली," मी म्हणालो.

"पडली नाय, पाडलीस," दत्ता डोळे चोळत म्हणाला. "का रे दादा?"

मला शरम वाटायला हवी होती. पण आलं ते वेगळंच. "तू झोपतोस म्हणून," मी म्हणालो. "आणि डुकरं कसली हाकतोस तू? तुला बाबांनी कधी माळ्यावर तरी नेलं होतं?"

भात पिकायला आलं की आमच्याकडे शेतात चार खांबांवर माळा बांधायचे आणि रात्रभर रानडुकरांची राखण करायचे. बाबा मला न्यायचे, कारण मी जागा राहायचो. आता बाबा नाहीत, माळाही नाही. दत्ताने शेताला तार ओढून झटका मशीन लावलंय, ते उन्हावर चार्ज होतं आणि त्याला झोप लागत नाही. म्हणजे माझी ती जागाही भरलेलीच.

"नाय नेलं," दत्ता म्हणाला. "तेच तर."

मग मीच सगळं सांगून टाकलं. झोप, रॅक, भाजीची यादी, डॉक्टर, स्टोअर. उद्याच्या एसटीने परत जातो म्हणालो, कारण इथे राहिलो तर रोज परात पाडीन. तो खाली बघत ऐकत होता.

"गोळीचा गुण येतो काय?"

"थोडा. वेळ लागेल म्हणतात."

"मग घे की टायमावर. बॅगेत कशाला लपवतोस? रंजीने धुवायचे कपडे काढताना पाकिटं बघितली हायत." मग म्हणाला, "तुला सांगू? मी तुझ्यावर जळायचो रे. बाबा घरात चार शब्द बोलायचे नाय, आणि तू त्यांच्यासंगं रात्रभर. आई दोघांची भाकरी बांधायची, माझी नाय. मी म्हणायचो, मला पण न्या. तर म्हणायचे, तुला डुकरांनी उचलून नेलं तरी तुला कळायचं नाय. मग मी अंथरुणात डोळे ताणून पडायचो. आज जागा राहून दाखवतोच. चिमटे पण काढले. जमलंच नाय कधी."

जमलंच नाही. डॉक्टरीणबाईंना मी झोपेबद्दल हेच सांगितलं होतं, अगदी याच आवाजात.

"काय करायचात रे तिथं?" त्याने विचारलं आणि उशाला हात घेऊन पुन्हा आडवा झाला.

मी सांगू लागलो. बाबा विडीचं टोक ओंजळीत झाकून ओढायचे, ते. भाकरीबरोबर सुकट असायची, ती. डुक्कर भातात शिरलं की कसा आवाज येतो आणि साळिंदर शिरलं की कसा, हे त्यांनी मला कान धरून शिकवलं होतं. बाबा गायचेही, आणि फार वाईट गायचे. हे ऐकून दत्ता हसला. मग डबा वाजवून झाला, आरोळी देऊन झाली, शेत शांत झालं की बाबा घराच्या दिशेला बघायचे. इथे मी थांबलो, कारण पुढचं मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी जागा बसलेलो असायचो आणि ते म्हणायचे, "दत्ता झोपला असेल. झोपू दे." रोज. त्या वयातही मला ते लागायचं. राखण मी करतोय, आणि आठवण त्याची.

मी बघितलं तर दत्ता घोरत होता. ते वाक्य त्याने ऐकलंच नव्हतं.

परात अजून त्याच्या कानाशी पडली होती. मी ती आवाज न करता उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशीची एसटी माझ्याशिवाय गेली. रजा संपेपर्यंत मी राहिलो. गोळ्या आता देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असत, आणि रंजना ताट वाढताना विचारायची, "घेतलीत ना?"

झोप एकदम परत आली असं काही नाही. थोडी आली आहे, थोडी यायची आहे. स्टोअर सध्या माझ्याकडेच आहे, आणि परवा मी भाजीची यादी केली. सुनीताने ती वाचली आणि मेथी खोडली. पण घराचं म्हणाल, तर इतकी वर्षं माझं घर म्हणजे मला मिळालं नाही ते सगळं होतं. दत्ताची ओटी, दत्ताचं शेत, दत्ताची झोप. आता मला ते वेगळं दिसतं. जगात एकच जागा अशी आहे, जिथे माझं जागं राहणं कुणाच्या तरी झोपेसाठी होतं, आणि तिथे त्याला आजार म्हणत नव्हते.

बाबांचं ते वाक्य मी दत्ताला अजून सांगितलेलं नाही. एवढी एकच गोष्ट माझ्याकडे आहे आणि त्याच्याकडे नाही. इथे लिहिलं, कारण धोका नाही. दत्ता वाचायला घेतो तेव्हा दुसऱ्या ओळीवर त्याचा डोळा लागतो.